दिल्लीत चांगलं कोरियन जेवण कुठे? सोबत शाकाहारी सासूबाई आहेत

गोदाकाठची
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत नाशिकरोडहून राजधानीने दिल्लीला चाललोय. मी, नवरा, अकरावीतली लेक आणि सासूबाई. लेकीला कोरियन मालिकांचं प्रचंड वेड आहे. इथे कॉलेज रोडला 'कोरियन' म्हणून जे मिळतं ते बहुतेक पाकिटातले नूडल्स आणि वर चीजची स्लाइस. तिला एकदा व्यवस्थित बसून खरं कोरियन जेवण जेवायचंय. अडचण अशी की सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंही चालत नाही. शिवाय गुडघ्यांमुळे खाली बसणं जमत नाही. त्यांना हॉटेलवर ठेवून आपण जेवायला जायचं, हे मला अजिबात नको आहे. चौघांना एकाच टेबलावर पोटभर जेवता येईल अशी जागा सुचवा. मुक्काम करोल बागेत आहे.

सातपूरकर
ताई, लेकीची हौस करताना सासूबाईंचा विचार आधी केलात, फार बरं वाटलं. मी नोएडात बरीच वर्षं कोरियन साहेबांच्या हाताखाली काम केलंय. त्यांच्याबरोबर इतक्या वेळा जेवलोय की आता नाशकात त्या जेवणाची खरोखर आठवण येते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्या मते ग्रीन पार्कचं 'गुंग द पॅलेस'. करोल बागेहून ब्लू लाइनने राजीव चौक, तिथे यलो लाइन पकडून थेट ग्रीन पार्क. जागा खिशाला जड आहे, पण एकदाच जाणार असाल तर तिथेच जा. तिथे खाली बसून जेवायचीही पद्धत आहे, तेव्हा आधी फोन करून खुर्चीचं टेबल हवं असं स्पष्ट सांगा. त्याच फोनवर शाकाहाराचंही बोलून घ्या. ऐन गर्दीत वेटरला समजावत बसू नका.

शाकाहाराची खरी मेख दिसत नाही तिथे असते. किमचीत वरून नुसता कोबी आणि तिखट दिसतं, पण ती मुरवताना खारवलेला जवळा किंवा फिश सॉस घालायची पद्धत आहे. टोकबोक्की म्हणजे तांदळाच्या पिठाच्या चिवट कांड्या, लाल तिखट रश्श्यात. त्यात मांसाचा तुकडा नसला तरी रस्सा बहुतेक वेळा सुकवलेल्या बारीक मासळीच्या पाण्यात केलेला असतो. सूपांचंही तेच. त्यामुळे 'यात चिकन आहे का' एवढं विचारून भागत नाही. 'मासळीचं पाणी, फिश सॉस, कोळंबी, यातलं काही आहे का' असं एकेक नाव घेऊन विचारायचं.

सासूबाईंसाठी दगडी भांड्यातलं बिबिंबाप सांगा, अंडं आणि मांस न घालता. भांडं तापून चरचरत टेबलावर येतं. भाताभोवती पालक, गाजर, मोड, मशरूम अशा वेगवेगळ्या परतलेल्या भाज्या मांडलेल्या असतात आणि तिळाच्या तेलाचा वास सुटलेला असतो. आल्या आल्या कालवायचं नाही. दोन मिनिटं तसंच राहू द्यायचं, म्हणजे बुडाशी भाताची खरपूस खरपुडी धरते. मग गोचुजांग, म्हणजे मिरची, तांदूळ आणि सोयाबीन आंबवून केलेली लाल चटणी, बेताने घालायची आणि चमच्याने तळापासून वर काढत कालवायचं. ती खरपुडी सासूबाईंच्या वाट्याला द्या. सोबत जापचे घ्या. रताळ्याच्या स्टार्चच्या पारदर्शक शेवया असतात, किंचित गोड. मांस घालू नका म्हणून तेवढं सांगायचं.

जेवणाआधी छोट्या छोट्या वाट्यांत भाज्या, कोशिंबिरी येतात, त्याला बानचान म्हणतात. त्याचे वेगळे पैसे नसतात आणि संपलं की मिसळीच्या रश्श्यासारखं बिनधास्त परत मागायचं. त्यातही प्रत्येक वाटीचं विचारून घ्या.

एक कळकळीची विनंती. टेबलावर जाळी ठेवून डुकराचं मांस भाजायचा प्रकार लेकीने मालिकांत नक्की पाहिला असेल, आणि तो खरंच सुरेख लागतो. पण सासूबाई सोबत असताना तो नको. एकच चिमटा, एकच कात्री सगळीकडे फिरते आणि धूर समोरच असतो. त्यांना घास जाणार नाही.

पाथर्डीफाटा
दिल्लीच कशाला? रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई, त्यामुळे पुण्यातही कोरियन मंडळी राहतात आणि त्यांच्यासाठी चालणारी हॉटेलं आहेत. नाशिकहून सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला पुण्यात.

गोदाकाठची
पुण्याचं लक्षात ठेवते, पण तिकिटं काढून झालीत. सातपूरकर दादा, किती मनापासून लिहिलंत! सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या विचारतायत, त्या देशात शाकाहारी माणसं नसतातच का? आणि लेकीचा प्रश्न, काड्यांनी खाता आलं नाही तर वाईट दिसेल का?

सातपूरकर
काकूंना सांगा, तिथल्या बौद्ध मठांचं जेवण पूर्ण शाकाहारी असतं, आणि त्यात कांदा-लसूणही घालत नाहीत. किमचीसुद्धा मासळीशिवाय करतात. फक्त साध्या हॉटेलात तसं मिळेल असं धरून चालू नका.

काड्यांची काळजी नको. त्यांच्या काड्या स्टीलच्या, चपट्या आणि निसरड्या असतात, सवय नसली की सुटतातच. भात आणि सूप तर ते लोकही लांब दांड्याच्या चमच्यानेच खातात. दोनच रीती पाळा. काड्या भातात उभ्या खोचून ठेवायच्या नाहीत, कारण ते मृताला वाहिलेल्या उदबत्त्यांसारखं दिसतं. आणि पहिला घास घरातल्या थोरांनी घेतल्याशिवाय बाकीच्यांनी सुरुवात करायची नाही. ही दुसरी रीत मला फार आवडते. माझे साहेब सगळ्यात वरच्या हुद्द्याचे, पण वयाने मोठा फोरमन जेवायला असला की त्याच्यासाठी थांबायचे.

इंदिरानगर_नाशिक
लेकीसाठी आणखी दोन जागा. लाजपतनगरला कोरियन सांस्कृतिक केंद्र आहे, 2012 पासून. प्रदर्शनं, भाषेचे वर्ग चालतात. तुमची राजधानी निजामुद्दीनला पोचते, तिथून पिंक लाइनने जवळच आहे. सुट्टीचा वार तेवढा बघून जा. दुसरी जागा मजनू का टीला, तिबेटी वस्ती, यलो लाइनच्या विधानसभा स्टेशनवरून रिक्षाने. तिथलं 'बुसान' तरुण पोरांमध्ये फार चालतं, गुंगपेक्षा पुष्कळ स्वस्त. पण गल्ल्या अरुंद आहेत आणि गर्दी असते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला नेऊ नका. लेक आणि तिचे बाबा जाऊन येतील.

तिकडच्या कोरियन दुकानांत गोचुजांगचे डबे मिळतात. घरी आणायचा असेल तर डब्यावरची घटकांची यादी आणि हिरवा ठिपका बघूनच घ्या. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवला की बरेच महिने टिकतो.