मदत हवी आहे : अब्रुझ्झोच्या चढांसाठी गिअर कोणते?

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात मी आणि ताई इटलीत अब्रुझ्झोला सायकलने फिरणार आहोत. सुल्मोनाहून साजित्तारिओच्या घळीतून स्कान्नोचं तळं, मग ट्रेनने लाक्विला, तिथून सुमारे १,२५० मीटरवरचं सांतो स्तेफानो दि सेस्सानिओ हे दगडी मध्ययुगीन गाव. शेवटी काम्पो इंपेरातोरेचं उघडं पठार, त्याचीच जास्त ओढ आहे.

माझ्या सायकलला पुढची चकती ३४ दाती, मागची सगळ्यात मोठी ३२ दाती. रविवारी पॅनियर (सायकलच्या बाजूला लटकवायच्या पिशव्या) भरून सिंहगड चढले, तर शेवटच्या वळणांवर चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर असूनही पाय फिरेना, डावा गुडघा दोन दिवस ठणकत होता. मागची कॅसेट (चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) ४० दातींची केली तर डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) बदलावाच लागेल का? पठारावर पाणी कुठे भरता? तिकडे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगा, तिकिटं काढून झालीत.