‘खात्यापित्या घरचं’ म्हणून किती दिवस झाकायचं?

मंगळवारपेठेची आई
थोरला दहा वर्षांचा, वजन ५२ किलो. मानेमागं काळा, जाडसर पट्टा आला. सासूबाई म्हणाल्या, नीट घासून अंघोळ घाल. महिनाभर घासली. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, हा मळ नव्हे, अंगात इन्शुलिन वाढल्याची खूण आहे. सोनोग्राफीत यकृतावर चरबी निघाली. घरात दारूचा थेंब नाही आणि पोराचं लिव्हर फॅटी! राग आला तर येऊ दे, पण हे आम्हीच केलंय. अभ्यासाला बसला की बिस्किटपुडा, जेवत नाही म्हणून समोर मोबाईल, पाहुणे आले की कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली.

गंगावेशकर
ताई, खाण्याला कशाला नावं ठेवताय? आमचे आजोबा कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायचे, तांबडा-पांढरा वाटीनं नव्हे, गंजानं ओरपायचे. पोराला तालमीत घाला. खासबाग मैदान शाहू महाराजांनी काय बिस्किटं खायला बांधलं? सहा महिन्यांत चरबी झडती का नाही बघा.

जुना लंगोट
भावा, आजोबांचे जोर-बैठका का सांगितल्या नाहीस? मी स्वतः लाल मातीतला. कुस्ती सुटली, खुराक सुटला नाही. पन्नाशीत शुगर आणि गुडघे, दोन्ही एकदम. आणि ५२ किलोच्या पोराला पहिल्याच दिवशी बैठका घालायला लावू नका, गुडघे बोंबलतील. आधी चालू दे, पोहू दे.

खडूफळा
सगळा दोष आईच्या पदरात का? मी शिक्षिका आहे. पोरं सकाळी सातला शाळेत, संध्याकाळी ट्यूशन, मैदानात गाड्या लावलेल्या. जागतिक आरोग्य संघटना रोज ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. आम्ही पीटीचा तास गणिताला देतो. मीही घेतलाय, कबूल करते. जादा साखर-मीठ-चरबीचं खाणं शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचं नाही, असा २०२० चा नियम आहे. कोण पाळतंय?

गंगावेशकर
पन्नासवर नाही मिळालं तर साठवर मिळंल! असल्या नियमानं काय होतंय? आणि हा श्रीमंतांचा रोग. आधी कुपोषित पोरांचं बघा.

जुना लंगोट
श्रीमंतांचा? पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा कुठल्या वस्तीत मिळत नाही सांग. सरकारी पाहणीत पाच वर्षांखालची जादा वजनाची पोरं २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ३.४. पोट सुटलेलं पोरगंही अंगात रक्त नसलेलं असू शकतं. पुड्यानं पोट भरतं, लोह कुठनं येणार?

खडूफळा
आणि एक. वर्गात त्याला ‘जाड्या’ म्हणतात का, ते विचारा. चिडवलेलं पोर मैदानावर जात नाही, घरात बसून आणखी खातं.

मंगळवारपेठेची आई
विचारलं. ‘टेम्पो’ म्हणतात. चार महिने आम्हाला सांगितलं नव्हतं.
डॉक्टर म्हणाले, उपाशी ठेवू नका; वजन आहे तिथं थांबलं तरी चालेल, उंची वाढेल तसं जमत येईल. बाटली बंद केलीय, सगळ्यांचीच. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. काल रंकाळ्याला अर्ध्यापर्यंत चालला, परतताना भेळ मागितली. एक प्लेट घेतली, चौघांत.

गंगावेशकर
बरं केलं. तालमीचं मात्र डोक्यात ठेवा.