रिटायर झाल्यावर ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतलीय (बोरघाटाची रेल्वे), पहिल्या प्रकरणातच अडकलोय, मदत हवी

घाटसेक्शन
नमस्कार मंडळी. मी वय वर्षे 62, रेल्वेत ट्रॅकवर 34 वर्षं काढली, त्यातली 19 कर्जत ते लोणावळा घाटात. दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. ऐतिहासिक कादंबऱ्या शाळेपासून वाचतोय पण त्या सगळ्या गादीवरच्या नाहीतर घोड्यावरच्या माणसांच्या. मला लिहायचंय ते ज्यांनी हा घाट फोडला त्यांच्यावर.

हे डोक्यात शिरलं ते पावसाळ्यातल्या रात्रीच्या पेट्रोलिंगमुळे. गाडी येतेय म्हटल्यावर बोगद्यात भिंतीला चिकटून उभं राहायचं, हात मागे कातळाला, आणि बोटाला लागते ती अर्धगोल खाच, वरून खाली हातभर लांब, सुरुंगासाठी पहारेने पाडलेल्या भोकाची उरलेली अर्धी बाजू. मधूनमधून अशा खाचा आहेत. एका खाचेला एका माणसाचा किती वेळ गेला असेल हे मी तिथे उभा राहून कितीदा मोजायचो.

आता माहिती बरीच जमवलीय. काम 1856 ला सुरू झालं, 21 एप्रिल 1863 ला घाट खुला झाला, 25 बोगदे. चीफ इंजिनियर बर्कली, तो बिचारा लाईन सुरू व्हायच्या आधीच 1862 ला वारला. पहिला ठेकेदार फेव्हिएल 1859 ला काम सोडून गेला, मग ट्रेडवेल आला आणि आल्या आल्या थोड्याच दिवसांत आजाराने गेला, पुढे त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ठेका हातात घेऊन काम पुरं केलं. हे सगळं नावानिशी मिळतं. पण 1861 मध्ये घाटावर 40 हजारांच्या वर माणसं राबत होती, पटकीच्या साथीत पटापट मेली, आणि त्यातलं एक नाव मला अजून मिळालेलं नाही.

तीन वह्या भरल्यात. पहिलं प्रकरण अकरा वेळा लिहिलं. सुरुवात अशी आहे:

"पहाटे घोटभर चहा पिऊन सखू टोपली घेऊन निघाली. वर डोंगरात डायनामाइटचा पहिला बार उडाला आणि पाखरं उठली."

प्रश्न असे की इतिहास मी कॉलेजात शिकलेलो नाही तर हे लिहायचा मला अधिकार आहे का, सखू माझ्या मनातली आहे तर तिला खऱ्या माणसांच्या शेजारी उभं केलेलं चालतं का, आणि भाषा कुठली वापरायची. आणि या वयात सुरुवात करून हे पुरं होतं का हेही खरं खरं सांगा.

कातळवेडा
काका, खाचेचा पॅरा वाचून अंगावर काटा आला. कादंबरी तिथून सुरू करा ना.

आता चुका. डायनामाइटचं पेटंट नोबेलने 1867 ला घेतलं, तुमचा घाट त्याच्या चार वर्षं आधी पुरा झालाय. म्हणजे सगळे बार काळ्या दारूचे, बंदुकीत भरायचे तसल्या. हे नुसतं शब्द बदलून भागणार नाही कारण काम करायची पद्धतच वेगळी होते. एक जण पहार धरून बसतो, दुसरा घण मारतो, आणि दर ठोक्याला धरणाऱ्याने पहार थोडी फिरवायची, नाहीतर ती भोकात अडकून बसते. मग आतला चुरा काढायचा, दारू भरायची, वर माती ठासायची, वात लावून पळायचं. आणि बोगद्यात दारूचा धूर लवकर निघत नाही, त्या धुरात लोक परत आत जायचे दगड उचलायला. माझे आजोबा विहिरीचे सुरुंग लावायचे, तेही काळ्या दारूचेच, धरणाऱ्याचा जीव घण मारणाऱ्याच्या नजरेवर असतो असं ते म्हणायचे. सखूचा नवरा धरणारा असेल तर तुम्हाला आख्खं प्रकरण आहे त्यात.

चहाही काढा. 1860 च्या आसपास आपल्याकडच्या मजुराच्या झोपडीत चहा नव्हता, तो घराघरात पोचला बऱ्याच नंतर. पेज द्या किंवा रात्रीची नाचणीची भाकरी.

दफ्तरखाना
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. तुमच्याकडे एवढी माहिती आहे आणि 19 वर्षांचा घाटाचा अनुभव आहे तर सरळ इतिहासच लिहा, कादंबरी कशाला? आपल्याकडे लोक कादंबरीतला संवाद इतिहास म्हणून भाषणात ठोकतात, मग खरं शोधणाऱ्याला आयुष्यभर ते निस्तरत बसावं लागतं. उद्या कोणीतरी सखूचं स्मारक मागेल.

कुठल्याही मार्गाने गेलात तरी काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे तिथे बसा, कंपनी सरकारचा आणि नंतरचा पत्रव्यवहार तिथे आहे. जुने मुंबई गॅझेटियर बघा, पुणे आणि ठाणे दोन्ही खंड, कारण कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, कुलाबा जिल्ह्याच्या (आजच्या रायगडच्या) खंडात शोधत बसाल तर वेळ जाईल.

वाचनवेडी_सातारा
दफ्तरखाना, तुमचं दुखणं कळतं पण काकांनी वर लिहिलंय ना की नावच मिळत नाही. ज्याचा कागद नाही त्याचा इतिहास कसा लिहिणार? ठेकेदाराचं चरित्र होईल, सखूचं नाही होणार. वाचकाशी प्रामाणिक राहायचं तर सुरुवातीला एका पानावर स्पष्ट लिहायचं की कोण खरं, कोण मनातलं आणि कुठल्या तारखा मी हलवल्यात. तेवढं केलंत की झालं.

भाषेबद्दल सांगते. ते "जी आज्ञा" "शिरसावंद्य" वगैरे अजिबात नको, दरबारी भाषा मजुराच्या तोंडी घातली की माणूस मेलाच. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी 1857 च्या धामधुमीत उत्तरेत फिरून आले आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांनी तो सगळा प्रवास लिहून काढला, ते वाचा, तुमच्या घाटापासून फार लांबचा माणूस नाही तो आणि काळ तर तोच. वाक्य कसं चालतं, पैसा, भूक, भीती यावर माणूस कसा बोलतो ते कानात बसेल. पण नक्कल करू नका कारण ती भिक्षुकाची भाषा आहे. शिवाय घाटावर सगळीकडून माणसं आली असणार, वडार लोक घरात वडारी बोलतात, देशावरचे वेगळं, कोकणातले वेगळं, ठाकर-कातकरी आणखी वेगळं. सगळ्यांना एकच मराठी दिलीत तर खोटं वाटेल. तुमच्या गँगमध्ये कोण कोण होतं आणि ते एकमेकांना कशा हाका मारायचे ते आठवा, तेवढं भांडवल पुस्तकातून मिळत नाही.

उशिरा_लिहिणारा
काका मी 59, बँकेत होतो, माझी पहिली कादंबरी 53 ला सुरू केली आणि गेल्या दिवाळीत संपली. सहा वर्षांतली चार मी टिपणं काढण्यात घालवली आणि आता कळतंय की त्यातलं निम्मं भीतीपोटी होतं. एक एक संदर्भ मिळाला की वाटायचं अजून एक बघू मग लिहू. पुढे मी ठरवलं की सकाळी सहा ते आठ फक्त लिहायचं, पुस्तक उघडायचं नाही, जे माहीत नाही तिथे फुली मारून पुढे जायचं आणि फुल्या संध्याकाळी सोडवायच्या. पहिल्या खर्ड्यात 300 च्या वर फुल्या होत्या, शेवटी लक्षात आलं की त्यातल्या बऱ्याच वाक्यांची गरजच नव्हती. तुम्ही अकरा वेळा पहिलं प्रकरण लिहिलंत, आता बारावं लिहू नका, दुसरं लिहा. पहिल्याचं काय करायचं ते शेवटचं लिहून झाल्यावर कळेल.

वयाचं म्हणाल तर पेनेलपी फिट्झजेराल्ड या इंग्रज बाईंची पहिली कादंबरी 60 व्या वर्षी आली आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांमधली सर्वात नावाजलेली 78 व्या वर्षी. आणि तुमच्याच लाईनवर, लोणावळ्याच्या पुढे कामशेतला रियासतकार सरदेसाई राहायचे. बडोद्याची नोकरी संपल्यावर तिथे येऊन बसले आणि मराठ्यांचा इंग्रजीतला तीन खंडी इतिहास ऐंशी ओलांडल्यावर पुरा केला. मी दर वेळी पुण्याला जाताना कामशेत आलं की खिडकीतून बघतो.

फक्त डोळे आणि कंबर सांभाळा, आणि घरच्यांना तुमचे दोन तास नीट सांगून ठेवा, नाहीतर रिटायर माणूस म्हणजे गॅस सिलिंडर घ्यायला मोकळा असं सगळे धरून चालतात.

घाटसेक्शन
सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण लिहीत होतो.

डायनामाइट माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की तपासावं असं वाटलंच नाही. कातळवेडा, पहार फिरवायचं तुम्ही लिहिलंत आणि एकदम त्या खाचा का गोल आहेत ते कळलं, 19 वर्षं हात लावूनही मी ते विचारलं नव्हतं. सखूच्या नवऱ्याला धरणारा केलाय. घण मारणारा तिचा धाकटा भाऊ आहे.

दफ्तरखाना, तुमचं म्हणणं टाळत नाही. खरं-मनातलं वेगळं सांगणारं पान मी आधीच लिहून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलंय, आणि पुढच्या आठवड्यात पुराभिलेखागारात जातोय.

वाचनवेडी ताई, माझ्या गँगमधला एक म्हातारा चावीवाला (रुळांच्या चाव्या तपासत फिरणारा) पावसात दरड यायच्या आधी "डोंगर कूस बदलतोय" म्हणायचा. हे वाक्य इतकी वर्षं माझ्याकडे नुसतं पडून होतं, ते सखूच्या सासऱ्याला दिलं.

बदललेली सुरुवात देतो:

"सखूने पेजेचा तांब्या झाकून ठेवला आणि कान दिला. वर ठोका पडत होता. ठोका, मग थोडं थांबणं, मग ठोका. त्या थांबण्यात नवऱ्याचे हात पहार फिरवत असतात हे तिला ठाऊक होतं. ठोके लागोपाठ झाले की तिच्या पोटात गोळा यायचा."

दुसरं प्रकरण सुरू केलंय, त्यात 14 फुल्या आहेत. सगळ्यात मोठी फुली 1859 च्या सुरुवातीची, मजुरी थकली म्हणून मजुरांनी घाटात दंगा केला होता तिची. साहेबांच्या बाजूने काय झालं ते इंग्रजीत सापडतं. त्या दिवसांत बायका आणि पोरं कुठे होती, वस्तीत थांबली की खाली पळाली, याबद्दल कोणाच्या वाचनात काही आलं असेल, किंवा खंडाळा-खोपोलीकडच्या कोणाच्या घरात पणजी-खापरपणजीकडून काही ऐकलेलं असेल तर इथेच लिहा, एक वाक्य असलं तरी चालेल.