शर्ली : आधी गाव, मग आडनाव, मग मुलगी

हापूस_नको : ‘शर्ली’ हे मुळात इंग्रजांचं आडनाव, असं परवा वाचनात आलं. आमच्या वसईत शर्ली म्हटलं की बाईच डोळ्यांसमोर येते. या शब्दाचा अर्थ काय? आणि आडनाव पोरीला ठेवायची ही कसली रीत? जाता जाता, वांद्र्याच्या शेर्ली राजन रोडवरची शेर्ली ती हीच का?

कानामात्रा : शेवटचं आधी. नाही. शेर्ली आणि राजन ही वांद्र्यातली दोन गावठाणं. पाटी वाचून नवराबायको वाटतात खरे!

आता शब्द. शर्ली हे आधी गावाचं नाव. इंग्लंडात या नावाची गावं बरीच. डर्बीशरमध्ये एक, साउथॅम्प्टनला एक, क्रॉयडनला एक, सॉलिहलला एक. जुन्या इंग्रजीतला ‘शीर’ म्हणजे लख्ख, उजळ. ‘लेआह’ म्हणजे रान, आणि पुढे रानातली झाडं तोडून मोकळी केलेली जागा. थोडक्यात, जिथे ऊन पोचतं अशी रानातली जागा. काही गावांच्या बाबतीत पहिलं पद परगणा या अर्थाचं ‘शायर’ असावं, असंही एक मत आहे, यॉर्कशायरमधलं तेच. त्या गावचे लोक ते शर्ली. आपण गावाला ‘कर’ जोडतो, त्यांनी गाव तसंच्या तसं आडनावाला लावलं.

ॲशलीत ॲशची झाडं, स्टॅन्लीत दगड, ब्रॅडलीत रुंदी, वेस्लीत पश्चिम. शेपूट सगळ्यांना लेआहचंच. बेव्हर्ली दिसायला यांच्यातली, पण तिथे बीव्हर हा प्राणी आणि ओढा आहे.

टिवल्याबावल्या : कांदिवली, बोरिवली, शर्ली. पुढचं स्टेशन?

कानामात्रा : आपली ‘वली’ ‘पल्ली’तून, म्हणजे वस्ती या अर्थाच्या शब्दातून, आलेली, तिचा इथे संबंध नाही. पण नातंच जोडायचं तर याहून चांगलं आहे. लेआह आणि संस्कृत ‘लोक’ हे एकाच मुळातून आले असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. वेदात ‘लोक’ म्हणजे आधी मोकळी, ऐसपैस जागा. जग, माणसं हे अर्थ मागून आले. लॅटिनमधला भाऊ ‘लूकुस’, म्हणजे चक्क देवराई.

पानसुपारी : वा, हे माहीत नव्हतं. रीतीबद्दल मी लिहितो. आडनाव पहिलं नाव म्हणून ठेवणं हा खास इंग्रजी प्रकार. इंग्रज इतिहासकार विल्यम कॅम्डेननं १६०५ मध्येच लिहून ठेवलंय, की अलीकडे आमच्याकडे आडनावं बारशाला ठेवतात आणि ख्रिस्ती जगात दुसरीकडे कुठेही असं करत नाहीत. बहुतेक वेळा ते आईचं माहेरचं आडनाव असे. इंग्लंडची नऊ दिवसांची राणी लेडी जेन ग्रे, तिचा नवरा गिल्डफर्ड डडली, ज्याचं १५५४ मध्ये मुंडकं उडवलं, त्याची आई गिल्डफर्ड घराण्यातली. माहेरचं घराणं बडं असेल, किंवा तिथे वंश चालवायला मुलगा नसेल, तर ते नाव नातवाच्या गळ्यात. सिडनी, पर्सी, हॉवर्ड, सेसिल ही सगळी अशीच मोठ्या घराण्यांची आडनावं. आणि अर्थात ही मुलांची नावं.

हापूस_नको : मग शर्ली मुलगी कधी झाली?

पानसुपारी : १८४९ मध्ये, शार्लट ब्राँटीच्या ‘शर्ली’ या कादंबरीत. नायिका शर्ली कीलदार ही जमीनदारीण. आईबापांना मुलगा हवा होता. लग्नानंतर आठ वर्षांनी झाली मुलगी, तर मुलासाठी योजलेलं घराण्यातलं नाव त्यांनी तिलाच ठेवलं. म्हणजे त्या काळच्या वाचकाला हे नाव पुरुषीच वाटावं, अशी लेखिकेची योजना होती. गावातली माणसं तिला गमतीनं कॅप्टन म्हणतात, तीही स्वतःबद्दल पुरुषासारखी बोलते. नाव बायकी असतं तर ही सगळी गंमतच उरली नसती.

पण कादंबरीमुळे लगेच घरोघरी शर्ली झाल्या असं समजू नका. खरी लाट आली ती १९२८ ला जन्मलेल्या शर्ली टेंपलमुळे. कुरळ्या केसांची ती पोर हॉलिवूडमध्ये गाजली आणि १९३० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत मुलींच्या नावांत शर्ली दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसलं. १९३४ मध्ये जन्मलेली नटी शर्ली मॅक्लेन, तिचं नावही हिच्यावरूनच ठेवलेलं.

टिवल्याबावल्या : आणि आधीच्या शर्लीबुवांचं काय?

पानसुपारी : हाल! शर्ली पोविच हा वॉशिंग्टन पोस्टचा नावाजलेला क्रीडापत्रकार, जन्म १९०५. अमेरिकेतल्या नामवंत स्त्रियांच्या परिचयकोशात त्याचीही नोंद छापून आली. त्यानं म्हणे ते हसण्यावारी नेलं. ब्रिटनचा अगडबंब कुस्तीगीर बिग डॅडी, त्याचं खरं नाव शर्ली क्रॅबट्री. बापाचंही शर्लीच, आणि बाप रग्बी खेळणारा.

कानामात्रा : ॲशली त्याच वाटेनं गेलं. आधी मुलाचं, मग १९९१ आणि ९२ ला अमेरिकेत मुलींमध्ये पहिला क्रमांक. स्टॅन्ली मात्र हलला नाही. तसंही, एकदा नाव मुलींकडे गेलं की मुलांना ठेवायचं बंद होतं. उलटं सहसा घडत नाही. आईबापांना मुलीचं नाव पुरुषी चालतं, मुलाचं बायकी म्हटलं की नाक मुरडतात. आपल्याकडे किरण, शशी अजून दोघांत टिकून आहेत, ते बरं.

हापूस_नको : शंका फिटली. मराठीत शर्ली लिहायचं की शिर्ली?

कानामात्रा : उच्चाराला शर्ली जवळचं. ‘शिर्ली’ स्पेलिंग बघून आलेलं. अर्थात वसईतली बाई स्वतःचं नाव रेशनकार्डावर जसं लिहिते, तसंच लिहा.