नववीच्या पोरीला शाळेत स्वतःचा टॅब द्या म्हणालेत, घ्यावा का?

जांबोटीकर
नमस्कार मंडळी. आमची पोरगी कर्नाटकात, बेळगावच्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमाच्या हायस्कूलात नववीला आहे. परवा पालक सभेत सांगितलं की ज्यांना जमतंय त्यांनी पोरांना स्वतःचा टॅब देऊन पाठवा. सक्ती नाही म्हणाले, पण निम्म्या वर्गाकडे टॅब आले की उरलेल्यांनी काय करायचं हे कुणी विचारलंच नाही. मी ओढूनताणून घेईन एकवेळ, पण तिच्या बाकावरच्या पोरीच्या घरी एकच मोबाईल, तोही बाप कामाला घेऊन जातो. आणि पावसाळ्यात इकडं लाईट गेली की कधी येईल नेम नाही, नेटचं तर विचारूच नका. त्यात आपल्या बोर्डाचं मराठीतून मिळतं तरी काय? ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा की.

निपाणी_गणित
मी हायस्कूलला गणित शिकवतो. मराठीतून काय मिळतं ते आधी सांगतो. कर्नाटकाची मराठी माध्यमाची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, एकदा उतरवली की नेट लागत नाही. दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या ॲपवरचं पण बरंच काही आधी डाउनलोड करून ठेवता येतं. यूट्यूबवरचे मराठी व्हिडिओ मात्र बहुतेक महाराष्ट्र बोर्डाचे असतात, गणित-विज्ञानाला जपून वापरले तर चालतात पण समाज विज्ञानाला नकोच, आपला अभ्यासक्रम वेगळा आहे.

आता खरा फायदा कुठं होतो सांगतो. दहावीला वर्तुळाच्या स्पर्शिकांचं प्रमेय आहे, बाहेरच्या बिंदूपासून काढलेल्या दोन्ही स्पर्शिका सारख्या लांबीच्या असतात. फळ्यावर मी एकच आकृती काढू शकतो. जिओजेब्रा या भूमितीच्या आकृत्या काढायच्या ॲपमध्ये पोरं तो बिंदू बोटानं लांब नेतात, जवळ आणतात, दोन्ही लांब्या बदलतात पण एकमेकींसारख्याच राहतात, आणि मग पोरंच विचारतात सर असं का होतंय. तिथून सिद्धता शिकवायला मजा येते. पण ती सिद्धता वहीत हातानं लिहून घ्यायचीच, कारण एसएसएलसीला, म्हणजे आपल्या दहावीच्या बोर्ड परीक्षेला, पेपर पेनानं लिहायचाय. यासाठी तीन-चार पोरांत एक टॅब पुरतो, उलट बोलाचाली जास्त होते. घरून आणायला सांगण्यापेक्षा शाळेनं माजी विद्यार्थ्यांकडून आठ-दहा टॅब मिळवून कपाटात ठेवावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

शहापूरची_आई
सरांचं पटलं. आमच्या मुलाला दिलाय आम्ही, त्याला सगळ्यात जास्त उपयोग कन्नडला झाला. घरात कुणाला कन्नड वाचता येत नाही, तो धड्यातला शब्द टाइप करून उच्चार ऐकतो, कीबोर्डवर मराठी-कन्नड दोन्ही ठेवलंय. पण फॅमिली लिंक हे पालकांसाठीचं गूगलचं ॲप लावून घ्या हं, कुठलं ॲप किती वेळ ते आपल्याला ठरवता येतं आणि रात्री ठराविक वेळेला बंद होतं. सुरवातीला भांडण झालंच, पण आम्ही ऐकलं नाही. आणि झोपताना टॅब आमच्या खोलीत चार्जिंगला, हे पहिल्या दिवसापासून ठरवा, नंतर लय जड जातं.

खडेबाजार_रिपेरी
घेणारच असाल तर रॅम ४ जीबीच्या खाली घेऊ नका, पीडीएफ आणि व्हिडिओ एकदम उघडला की अडकतो. स्क्रीन १० इंचाच्या आसपास बघा, ८ इंचात पुस्तकाचं पान सारखं मोठं करून वाचावं लागतं, पोरं कंटाळतात. सिमवाला नको, वायफायचा घ्या, स्वस्त पडतो आणि वर्गात पोरं रील बघत बसणार नाहीत. माझ्याकडे येतात ते जास्त करून फुटलेल्या काचेचे नाहीतर चार्जिंगचं भोक ढिलं झालेले. कव्हर जाड घ्या, आणि पावसात दप्तरात आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग ठेवा, आपल्याकडचा पाऊस काय सांगायचा. वर्गात एक-दोनच प्लगपॉइंट असतात, चार्ज घरून करूनच पाठवायला लागणार, लाईटचा भरवसा नसेल तर पॉवर बँक पण हिशोबात धरा.

जांबोटीकर
सगळ्यांचे आभार. सर, कपाटातल्या टॅबचं पुढच्या सभेत मांडतो, पुण्या-मुंबईला गेलेली गावातली बरीच पोरं आहेत, विचारलं तर नाही म्हणणार नाहीत. तोवर पोरीला टॅब घेत नाही, बाकावरच्या पोरीकडे नसताना हिच्याकडे असावा हे मला बरं वाटत नाही. पुस्तकांच्या पीडीएफ मात्र माझ्या मोबाईलवर आजच उतरवतो, संध्याकाळी दोघी मिळून वाचतील. ते जिओजेब्रा साध्या मोबाईलवर चालतं का सर?

निपाणी_गणित
चालतं, स्क्रीन लहान पडते एवढंच. नेट असताना एकदा ॲप घालून घ्या, मग बिननेटचं पण चालतं. स्पर्शिकांचं पुढच्या वर्षी आहे, तिला आत्ता त्रिकोणापासून सुरू करू द्या. अडलं तर इथंच विचारा.