लिस्बनसाठी एकच दिवस : आईला सोबत घेऊन काय पाहावे?

प्रश्न :
नमस्कार. पुढील महिन्यात लिस्बनमध्ये आम्हाला सकाळी नऊ ते रात्री आठ एवढाच वेळ मिळणार आहे. सोबत सत्तरीची आई आहे. सपाटीवर ती तासभर सहज चालते, पण चढ आला की गुडघे कुरकुरतात. आम्ही वसईचे, पोर्तुगीजांचा किल्ला पाहतच लहानाचे मोठे झालो, त्यामुळे त्यांची राजधानी पाहण्याची हौस मुळात आईचीच आहे. नदीकाठचे बेलें आणि टेकडीवरची जुनी वस्ती अल्फामा एका दिवसात जमेल का? अल्फामातून जाणाऱ्या अठ्ठावीस क्रमांकाच्या ट्राममध्ये बसावे का?

प्रतिसाद १ :
जमेल, मात्र बेलें सकाळीच उरका. १५ क्रमांकाची ट्राम तेथे जाते आणि सगळा नदीकाठ सपाट आहे. तिथला जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो, आणि तिकीट घरूनच काढा. मी ते टाळले आणि दीड तास उन्हात रांगेत काढला. १५२४ मध्ये कोचीत वारलेल्या वास्को द गामाचे थडगे तेथील चर्चमध्ये आहे. पण माझ्या मते त्याहून पाहण्यासारखा आहे तो बेलेंच्या बुरुजावरचा, एका टेहळणी-कोनाड्याखाली कोरलेला गेंडा. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने १५१५ मध्ये येथे पोहोचला होता, त्याची ही आठवण. वाऱ्यापाण्याने तो झिजला आहे, त्यामुळे नीट निरखावे लागते. मठाजवळच्या १८३७ पासूनच्या दुकानातील नाता, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डची छोटी पेस्ट्री, दालचिनी भुरभुरून गरम असतानाच खावी. बाहेरची रांग पाहून परतू नका. आत बसायला पुष्कळ जागा आहे.

प्रतिसाद २ :
अठ्ठावीसचा मोह आवरा. उभे राहायलाही जागा नसते आणि खिसेकापूंचा सुळसुळाट असतो. त्याऐवजी टॅक्सीने थेट अल्फामातल्या सांता लुझियाच्या सज्जापर्यंत, म्हणजे शहर न्याहाळण्याच्या गच्चीपर्यंत, जा. तेथील चर्चच्या भिंतीवर निळ्या फरशांचे एक चित्र आहे, त्यात १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपापूर्वीचा नदीकाठचा राजचौक दिसतो. भूकंपानंतर खालचे शहर सरळ रेघांत नव्याने बांधले गेले. अल्फामाचे बोळ मात्र बरेचसे जुन्याच वळणाचे राहिले. ते बोळ पायऱ्यापायऱ्यांचे असल्याने आईंना वरूनच दाखवा, उतरायलाही गुडघेच लागतात. संध्याकाळी काइश दु सोद्रेच्या धक्क्यावरून नदीपलीकडच्या कासिल्यासची फेरीबोट घ्या. दहा मिनिटांच्या त्या प्रवासात बसल्या जागी सगळे शहर दिसते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर :
दोघांचेही आभार. अल्फामाच्या वरच्या टेकडीवरचा किल्ला वगळला, फेरी ठरली. गेंड्याची हकीकत आईला वाचून दाखवली, तर तिने पहिल्यांदा हेच विचारले की इतके महिने जहाजावर त्याला खायला काय घातले असेल.