अनुभव धागा: बागकामावर घर चालतं ते कोणकोणत्या कामांनी?

पुतणी बारावीनंतर उद्यानविद्येला जायचं म्हणते. घरात सगळे विचारतात, "म्हणजे माळी होणार?" माळी हा शब्द असा नाक मुरडून उच्चारलेला मला सहन होत नाही. इथे या कामावर पोट असलेले बरेच जण आहेत. तुमचं नेमकं काम काय आणि त्याला अंगात काय लागतं, ते लिहाल का? तिला वाचायला देणार आहे.

दापोलीजवळून
आमची कलमांची रोपवाटिका आहे. मी आंब्याची कोयकलमं बांधतो. हवेत ओल लागते, म्हणून हंगाम पावसाळ्यातला. रायवळच्या कोयी रुजवायच्या आणि रोप पंधराएक दिवसांचं, पानं तांबूस आहेत तोवरच बांधायचं. पानं हिरवी झाली की खुंट, म्हणजे हे खालचं रोप, जून होतो, कलम नीट जुळत नाही. वर बसवायची काडी हापूसची, तीन-चार महिन्यांची, खुंटाच्याच जाडीची. आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून छाटायची, म्हणजे डोळा फुगतो. मग खुंटाला मधोमध खाच, काडीला पाचर, वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट.

सगळी मेख पाचरीत आहे. काप एका ओढीत आला पाहिजे. चाकू दोनदा फिरला की साल सालीला भिडत नाही आणि काडी काळी पडते. पहिल्या पावसाळ्यात माझी निम्म्याहून जास्त कलमं गेली. आत्याने मग महिनाभर नुसत्या पेरूच्या काड्या तासायला बसवलं. रडू यायचं, पण हात तिथेच बसला.

आणि सचोटी हवी. काडी कुठल्या झाडाची हे गिऱ्हाईक आपल्या शब्दावर घेतं. फळ धरेपर्यंत त्याची पाच-सहा वर्षं गेलेली असतात.

मावळातून
गुलाबाचं पॉलिहाऊस. तळेगाव दाभाड्याच्या हॉर्टिकल्चर ट्रेनिंग सेंटरमध्ये शिकलो. 14 फेब्रुवारीसाठी परदेशी जाणारा माल जानेवारीअखेरपासून निघतो, त्यामुळे डिसेंबरच्या मध्याला छाटणीची तारीख धरावी लागते. थंडी वाढली की कळी यायला उशीर होतो. रोज ड्रिपच्या पाण्याचा पीएच (आम्लपणा) आणि ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप) वहीत लिहायचा. आकड्यांचा कंटाळा असणाऱ्याने यात पडू नये.

पुण्यातून, सोसायट्यांच्या बागांचं कंत्राट
झाडांइतकंच माणसांशी बोलता यावं लागतं. इमारतीच्या सावलीतही सगळ्यांना लॉनच हवं असतं. आधी मी हो म्हणायचे, दोन-तीन महिन्यांत गवत विरळ व्हायचं आणि बोलणी खायचे. आता सकाळी, दुपारी, संध्याकाळी जागेवर ऊन कुठवर येतं ते पाहते, मगच दर सांगते. कुंड्यांचं तसंच. "काका, रोज पाणी नका घालू, आधी मातीत बोट घालून बघा," हे आठवड्यातून चारदा तरी सांगते.

ठाण्यातून
दोर लावून झाडावर चढतो, धोक्याच्या फांद्या उतरवतो. जड फांदी एका कापात काढली तर पडताना खोडाची साल ओढून नेते. म्हणून बुंध्यापासून थोडं लांब आधी खालून अर्धवट काप, त्याच्याही पुढे वरून दुसरा, आणि राहिलेला खुंट शेवटी. फांदीच्या बुडाशी फुगीर वळी असते, तिला धक्का लावायचा नाही. जखम तिथूनच भरते. शहरात 1975 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते. ती हातात आल्याशिवाय मी दोर बांधत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.

उरुळी कांचनहून
माझं मुलगी लिहून देतेय. मी नर्सरीत बारा वर्षं रोजंदारीवर. पिशव्या भरल्या, खुरपलं. दोन पानांवर असतानाच तण कुठलं आणि रोप कुठलं ते ओळखते. मालकांनी मागच्या वर्षी रोपांची नोंदवही माझ्याकडे दिली. शास्त्रीय नावं मुलीकडून म्हणून घेतली, आता प्लुमेरिया, टॅबेबुया न अडखळता सांगते. ताई, पुतणीला जूनमध्ये पाठवा. तेव्हा पिशव्या भरायला माणसं लागतातच. माझ्या शेजारी बसेल.